एकतीसची रात्र की एकची सकाळ?

या महिन्यात टपालात आणि मेलवर आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीवर आहेत, लेकरू ३१ डिसेंबरला जन्मलं की १ जानेवारीला आणि त्यानं काय फरक पडतो. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आणि दर वर्षी अॅडमिशनच्या दिवसांत टेबलावर जन्मदाखला ठेवून "बाई, एकच दिवस कमी पडून राहिला हो" म्हणणारे आईबाप पाहिलेत. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली, फक्त हीच घेतली.

प्रश्न : बाई नमस्कार, मी नागपूरला मानेवाड्याला राहते, पहिलीच वेळ आहे, सोनोग्राफीत ड्यू डेट ९ जानेवारी आलीये. बाळ आडवं आहे म्हणून डॉक्टर सिझर करावं लागेल म्हणतात. आता घरात दोन पार्ट्या झाल्यात, सासूबाईंना १-१ ही तारीख पाहिजे, मिस्टर म्हणतात ३१ डिसेंबरलाच करून घेऊ म्हणजे शाळेचं एक वर्ष वाचेल. मला कोणी विचारूनच नाही राहिलं. काय करू?

उत्तर : हे पत्र नोव्हेंबरात आलं होतं आणि मी त्याच दिवशी फोन केला, पण इथे छापतेय कारण अशी ओढाताण दर डिसेंबरात किती घरांत चालते ते मला माहीत आहे.

आधी बोटांवर हिशेब करू. ड्यू डेट म्हणजे ४० आठवडे पूर्ण. ९ जानेवारीला ४० तर २ जानेवारीला ३९. म्हणजे ३१ डिसेंबर काय किंवा १ जानेवारी काय, दोन्ही तारखा ३९ आठवडे भरायच्या आधीच्या आहेत. आणि काही मेडिकल कारण नसेल, आईचं बीपी वाढलंय, बाळाची वाढ थांबलीय, पाणी कमी झालंय असं काही नसेल, तर ठरवून करायची डिलिव्हरी ३९ आठवड्यांच्या आधी करू नये असंच स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, कारण शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं आणि मेंदू झपाट्यानं तयार होत असतात. एकदोन दिवसांनी काय होते असं घरच्यांना वाटतं, पण तो दिवस बाळाचा असतो, तो आपल्या सोयीसाठी कापायचा नसतो.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेचं सिझर आम्ही मुहूर्तावर केलं होतं आणि तो मुहूर्त काढायला गुरुजींकडे मी स्वतः गेले होते. ३७ आठवडे आणि वर काही दिवस झाले होते. बाळ जन्मलं, रडलंही, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि दोन तासांनी सिस्टर म्हणाली की श्वास जोरात चालला आहे, वर नेतो. पाच दिवस एनआयसीयूमध्ये. काचेच्या पेटीत एवढंसं पोट्टं, प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलायच्या आणि बरगड्यांच्या खाली खड्डा पडायचा, आणि त्याची आई खालच्या मजल्यावर टाके सांभाळत भिंतीला धरून बसलेली, वाटीत दूध काढून वर पाठवायची, ते कधी नळीतून दिलं जायचं, कधी परत यायचं. पोरगं आज छान आहे, क्रिकेट खेळतं, पण ते पाच दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. पत्रिका मी अजूनही पाहते, पण सिझरची तारीख काढायला कुणाकडे गेले नाही त्यानंतर.

मिस्टरांना हेही सांगा की शाळेचं वर्ष "वाचणं" म्हणजे नक्की काय ते पुढच्या पत्रात आहे, ते वाचून मग बोला. आणि सासूबाईंवर रागावू नका, त्यांना नातवंडाचं कौतुकच आहे, फक्त डॉक्टरांच्या केबिनमध्ये पुढच्या वेळी त्यांनाही सोबत न्या, आठवड्यांचा हिशेब डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की माणसं ऐकतात. (या बाईंचं सिझर ५ जानेवारीला झालं, मुलगी, दोघी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. सासूबाईंनीच मला मेसेज केला.)

प्रश्न : आमची मुलगी २९ डिसेंबर २०२३ ची आहे, नुकते दोन पूर्ण झाले. त्रिमूर्ती नगरजवळच्या शाळेत चौकशी केली तर म्हणतात जूनमध्ये नर्सरीला बसते, नियमात आहे. आई म्हणते टाकून दे, नाहीतर तीन दिवसांसाठी वर्ष वाया जाईल. पण ती अजून रात्री डायपरमध्ये असते, नीट बोलतही नाही. मिस्टर रेल्वेत आहेत, बदली होऊ शकते. टाकायचं का थांबायचं?

उत्तर : थांबा. आता कारण सांगते, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा.

आपल्या राज्यात आधी ३० सप्टेंबरला वय मोजायचे, २०२० च्या सप्टेंबरात शासनानं ते ३१ डिसेंबर केलं. म्हणजे ज्या वर्षी जूनमध्ये शाळेत जायचं त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ पूर्ण पाहिजेत. तुमची मुलगी ३१ डिसेंबर २०२६ ला तीन वर्षं दोन दिवसांची असेल, म्हणून "बसते". तीच १ जानेवारी २०२४ ला जन्मली असती तर बसली नसती, पूर्ण वर्ष मागे. तुमच्या आई म्हणतात ते इथवर बरोबर आहे.

पण हे पहा की जूनमध्ये ती किती वर्षांची असेल? अडीच. आणि तिच्याच वर्गात १ जानेवारी २०२३ चं मूल असेल ते साडेतीन वर्षांचं. अडीच आणि साडेतीन! तीस वर्षांच्या माणसाला एक वर्ष म्हणजे काही नाही, पण अडीच वर्षांच्या लेकराला ते त्याच्या आयुष्याचं चाळीस टक्के झालं. एक पोरगं मला अजून आठवतं, ३० डिसेंबरचं, पहिलीत होतं, हुशार होतं, गोष्ट सांगितली की सगळी परत सांगायचं. एकदा मधल्या सुट्टीत बाथरूमच्या दारापाशी उभं दिसलं, चड्डीचं बटण दोन्ही हातांनी धरून, निघत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती, बाजूनं वर्गातली मोठी मुलं पटापट जाऊन येत होती. मी बटण काढून दिलं तर म्हणतं, "बाई, मला काहीच नाही येत." त्याला सगळं येत होतं हो, फक्त बोटं अजून पाच वर्षांची होती. वर्गातलं सर्वांत लहान मूल स्वतःला ढ समजायला लागतं आणि शिक्षकही कधी कधी तसंच समजतात, मीही समजलेय काही मुलांच्या बाबतीत, आणि वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतही दिसलंय की वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर चंचलपणाचा, लक्ष नसण्याचा शिक्का मोठ्या मुलांपेक्षा जास्त वेळा बसतो. आजार नसतो, वय असतं.

आता तुमच्या बदलीचं. केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्चला ६ वर्षं पूर्ण लागतात. तुमची मुलगी तिथे एप्रिल २०३० मध्येच पहिलीला बसते. आत्ता नर्सरीत टाकली तर ती राज्याच्या हिशेबानं जून २०२९ ला पहिलीत जाईल, आणि मध्येच बदली होऊन केंद्रीय विद्यालयात दुसरीला न्यायची झाली तर तिथे दुसरीला ७ वर्षं पाहिजेत, तिची सव्वासहाच भरतात, म्हणजे परत पहिलीत. एकदा दुसरीची पुस्तकं आणून झाल्यावर मुलाला परत पहिलीत बसवणं फार जड जातं, घरच्यांनाही आणि त्याच्या मनालाही. त्यापेक्षा एक वर्ष थांबलात, जून २०२७ ला नर्सरी, जून २०३० ला पहिली, तर ती साडेसहाची असेल, दोन्हीकडच्या नियमात बसेल. खासगी सीबीएसई शाळांत कुठे मार्चचा हिशेब तर कुठे डिसेंबरचा, ज्या शाळेत जायचं तिथे कट-ऑफ तारीख लेखी विचारा, तोंडी नको.

"वाया गेलं" हा शब्दच काढून टाका घरातून. नियमात लिहिलंय ते कमीत कमी वय आहे, त्या दिवशी टाकायलाच पाहिजे असं कुठे लिहिलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठीसुद्धा वरची मर्यादा साधारण साडेसातपर्यंत जाते, पहिलीला. या वर्षात अंगणवाडीत न्या, नाहीतर गांधीसागरला, फुटाळ्याला फिरवा, गोष्टी सांगा, पाण्यात खेळू द्या.

आणि एक सांगते म्हणजे तुम्हाला उगाच धास्ती नको की डिसेंबरचं लेकरू कायम मागेच राहतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखची जन्मतारीख ९ डिसेंबर २००५. बुद्धिबळात वयोगट १ जानेवारीला मोजतात, म्हणजे २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद तिनं जिंकलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि त्याच गटात जानेवारी २००४ च्या मुलींनाही खेळता येत होतं, जवळजवळ दोन वर्षं मोठ्या. २०२५ च्या जुलैत बाटुमीला ती महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली. आणि रौनक साधवानी, तोही नागपूरचा, २६ डिसेंबर २००५ चा, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर. एकाच शहरातले, एकाच डिसेंबरातले दोघं. पण लक्षात घ्या, पटावर ज्याला त्याला त्याच्या वेगानं पुढे जाता येतं, वर्गात पन्नास मुलांना एकाच वेगानं चालावं लागतं. म्हणून वर्गासाठी थांबा म्हणतेय.

प्रश्न : नात झाली! १ जानेवारीला पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी. गुरुजी म्हणतात सूर्य उगवला नव्हता म्हणून वार बुधवारच धरायचा, दवाखान्याच्या कागदावर गुरुवार १ जानेवारी आहे. मुलाचे मामेसासरे म्हणतात ओळख आहे, दाखल्यावर ३१ डिसेंबर करून घेऊ, मुलीचं वर्ष वाचेल. आम्ही महाल भागात राहतो, जुनं घर आहे, सगळं रीतीनं करायचं असतं. वाढदिवस कधी करायचा, तारीख कोणती लावायची?

उत्तर : अभिनंदन आजी! गुरुजी बरोबर आहेत आणि दवाखानाही बरोबर आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख रात्री बाराला. पत्रिकेत बुधवार लिहा, दाखल्यावर १ जानेवारी २०२६ राहू द्या, दोन्ही खरं आहे, भांडण नाहीच.

पण मामेसासऱ्यांना हात जोडून नाही म्हणा. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली असते, दवाखान्याकडूनच २१ दिवसांत मनपाकडे नोंद जाते, आणि चुकीची माहिती देणं हा जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखलाच लागतो. पूर्वी टीसीवर एक, आधारवर दुसरी, असं चालून जायचं. आता तो एक कागद आयुष्यभर पुरतो, तो खोट्यावर उभा नका करू. तुमच्या झोन ऑफिसमधून दाखला आणा आणि घरी येऊन आईबापाच्या नावाचं स्पेलिंग पहा, सर्वांत जास्त चुका तिथे असतात. नाव ठरलं नसेल तर घाई नाही, नोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं.

वाढदिवसाचं म्हणाल तर तारखेनं १ जानेवारी आणि तिथीनं पौषातला शुद्ध पक्ष. यंदा अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे पुढच्या वर्षी तिथी सरकून संक्रांतीनंतर येते. छानच झालं की! या संक्रांतीला नात दोन आठवड्यांची होती, बोरन्हाण केलं नसेलच आणि बरं केलंत, एवढ्या थंडीत एवढ्याशा बाळाला कशाला. पुढच्या वर्षी तिथीचं औक्षण आणि बोरन्हाण एकाच दिवशी करा, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसेल ती तोवर. फक्त बोरं, चॉकलेटं, हरभरे डोक्यावरून टाकताना एक माणूस तिच्या तोंडाकडे पाहणारा ठेवा, वर्षाचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं आणि बोराची बी घशात अडकते. चुरमुरे टाका, पुरतात.

प्रश्न : लेक न्यू जर्सीला असते, तिला ३१ डिसेंबरला रात्री सव्वाअकराला मुलगा झाला. जावई म्हणाले "बाबा, पंचेचाळीस मिनिटांनी टॅक्स वाचवला." हे खरंच असतं का? आपल्याकडे आहे का? (बेसाहून)

उत्तर : तिकडे खरं आहे. अमेरिकेत टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि मूल वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलं तरी ते पूर्ण वर्ष घरात होतं असं धरतात. त्यामुळे २०२५ च्या रिटर्नमध्ये त्यांना मुलामागे मिळणारी सवलत घेता येईल, ती २२०० डॉलरपर्यंत आहे, मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर मात्र वेळेत काढायला सांगा. दुसरं एक, तिकडे बऱ्याच लोकांचा इन्शुरन्स १ जानेवारीला नव्यानं सुरू होतो, म्हणजे कंपनी पैसे द्यायच्या आधी आपण स्वतः भरायची रक्कम परत शून्यापासून. बाळ-बाळंतीण दवाखान्यात ३१ ला आणि १ ला दोन्ही दिवस होते, तर बिलं कोणत्या वर्षात लावली ते लेकीनं इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्यावं, बिल आल्या आल्या भरू नये.

आपल्याकडे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, डिसेंबर-जानेवारीनं काही होत नाही, आणि नुसतं मूल झालं म्हणून अशी सवलतही नाही. जुन्या करपद्धतीत दोन मुलांची ट्यूशन फी वजावटीत धरतात. मेडिक्लेममध्ये नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे की नव्वद दिवसांनी, ते मात्र डिलिव्हरीच्या आधी पॉलिसी काढून वाचाच.

प्रश्न : माझे वडील राज्य सरकारी नोकरीत होते, जन्मतारीख १ जानेवारी १९६८. त्यांना ३१ डिसेंबर २०२५ ला रिटायर केलं, त्यांच्याच टेबलावरचे ३ जानेवारी १९६८ वाले ३१ जानेवारीपर्यंत होते. एक महिन्याचा पगार गेला. अन्याय नाही का? आणि खरं म्हणजे आजी सांगायची की वडील उन्हाळ्यात जन्मले. (इतवारीहून)

उत्तर : वाईट वाटणं साहजिक आहे, पण नियमच तसा आहे. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा त्याचं वय आदल्या दिवशीच पूर्ण झालं असं धरतात, म्हणून आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. केंद्रातही हीच रीत, फक्त वय ६०.

आजी खरंच सांगत असतील. आमच्या शाळेतली जुनी दाखल-खारीज रजिस्टरं मी पाहिलीत, पानंच्या पानं १ जुलै, १ जून, १ जानेवारी. बाप शेतातून पोराला हाताला धरून आणायचा, गुरुजी विचारायचे कधीचा, बाप म्हणायचा पुराच्या वर्षीचा, गुरुजी डोक्यावरून हात फिरवून कान धरता येतो का पाहायचे आणि एक तारीख लिहून टाकायचे, शाई वाळली की ती तारीख पेन्शनपर्यंत सोबत. बदल करायचा तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज द्यायचा असतो, आता तो रस्ता नाही. वडिलांना म्हणा, पेन्शनचे कागद, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, बँक सगळीकडे तीच १ जानेवारी ठेवा, आता आजीची आठवण खरी म्हणून आधारवर मे महिना करायला जाऊ नका, पेन्शन अडकेल. आजीचा उन्हाळा घरात पाळा, त्या दिवशी आमरस करा त्यांच्यासाठी.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. माझा वाढदिवस १ जानेवारीला असतो. सगळे थर्टी फर्स्टला रात्री जागतात, बाराला हॅपी न्यू इयर म्हणतात, मग माझा केक कापतात पण मला झोप आलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असतात. मैत्रिणी गावाला जातात. मला माझा वाढदिवस वेगळा पाहिजे. (प्रताप नगरहून)

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझी मोठी मुलगीही १ जानेवारीची. आम्ही तिचं असंच करायचो, पाहुणे नव्या वर्षाचे आणि केक तिचा, आणि मला वाटायचं केवढं मोठं सेलिब्रेशन होतंय हिचं. ती नववीत असताना एकदा भांडली माझ्याशी, म्हणाली "आई, तो केक सगळ्यांचा असतो, माझा कधीच नसतो." तोवर मला कळलंच नव्हतं गं. त्यानंतर आम्ही बाराचा केक बंद केला. १ तारखेला संध्याकाळी पाच वाजता, उजेड असताना, स्वेटर घालून गच्चीवर, तिच्या आवडीची संत्र्याची बर्फी आणि तर्री पोहे, आणि त्या वेळेत न्यू इयर हा शब्द काढायचा नाही. मैत्रिणींसाठी शाळा भरली की त्यानंतरचा पहिला शनिवार ठेवायचो.

पुढच्या १ जानेवारीला अजून अकरा महिने आहेत, तोवर हे पान आईला दाखव. "बाराचा केक नको, पाचचा पाहिजे" हे तू स्वतः म्हण, आणि जमलं तर दिवाळीनंतर एकदा परत आठवण कर, मोठी माणसं विसरतात.